पाण्यावरचें बिऱ्हाड

प्रवासाचा विषय निघाला कीं आपल्यासारख्या कुटुंबांत प्रथम आगगाडीचें वेळापत्रक पाहिलें जातें, मग उतरण्याच्या जागेची चौकशी होते, आणि अखेरीस सामान किती न्यावें यावरून घरांत थोडीशी चकमक उडते. ज्या प्रवासांत वेळापत्रक नाहीं, उतरण्याची जागा म्हणजे उघडी टेकडी, आणि सामान किती न्यावयाचें हें घरधनी नव्हे तर नावाडी ठरवितो, अशा एका प्रवासाविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें. हा प्रवास आम्हीं होडीनें केला, मित्रांसह आणि मुलांबाळांसह केला, व दोन रात्री रानांत काढल्या. आरंभींच सांगून टाकतों कीं, यांत वाघ भेटला नाहीं आणि कोणी बुडालें नाहीं. तथापि या प्रवासानें तीसांहून अधिक वर्षें माझ्या मनाच्या तळाशीं बसलेला गाळ ढवळून वर आणला. त्याची कबुली दिल्याशिवाय हें भाषण पुरें करणें मला योग्य वाटत नाहीं.

मी राहतों तें खांडबारा हें गांव नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांत, सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. मी १९७५ सालीं जुन्या अकरावीची परीक्षा उतरलों, पुढें शिक्षक झालों, आणि सारा जन्म मुलांना पाढे व नकाशे शिकविण्यांत घालविला. तापी नदी दाखवितांना माझी छडी मुलताईपासून निघून खंभातच्या आखातापर्यंत विनाअडथळा जात असे. प्रत्यक्षांत मात्र ७२४ किलोमीटर लांबीच्या या नदीला सोनगडजवळ उकाई येथें १९७२ सालीं पुऱ्या झालेल्या धरणानें अडविलें आहे, आणि त्या धरणाचें पाणी मागें फुगत फुगत आमच्या नवापूर व नंदुरबार तालुक्यांच्या हद्दींत शिरलें आहे. कागदोपत्रीं त्या जलाशयाला वल्लभसागर असें भारदस्त नांव आहे. आमच्याकडील लोक नुसतें 'उकाईचें पाणी' म्हणतात. पावसाळा सरला कीं हें पाणी नाल्यानाल्यांतून आपलीं बोटें पसरतें. उन्हाळ्यांत तें मागें सरतें आणि उघड्या पडलेल्या ओल्या जमिनींत लोक गाळपेर करतात. त्याच वेळीं बुडालेल्या घरांचीं जोतीं आणि विहिरींचे कठडे पुन्हां वर येतात, जणूं कोणी जुनी वही उघडून दाखवावी.

होडी हें मनुष्याचें किती जुनें वाहन आहे याची आपणांस बहुधा कल्पना नसते. हॉलंडमध्यें पेसे या गांवाजवळ १९५५ सालीं रस्त्याचें काम चालू असतां एक कोरलेला ओंडका सांपडला. तपासाअंतीं ती सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींची होडी ठरली. चाकाचा शोध लागण्यास तेव्हां अजून कित्येक सहस्र वर्षें अवकाश होता. संस्कृतांत द्रोणी म्हणजे लांकडाची डोण, आणि तोच शब्द होडीसाठींहि आहे. पानाच्या द्रोणाचें त्या शब्दाशीं असलेलें नातें तर कोणाच्याहि लक्षांत येईल. कॅनडांतील मूळ रहिवासी भूर्जवृक्षाच्या सालीच्या हलक्या होड्या करीत. एका नदीचें पाणी संपलें कीं होडी डोक्यावर घेऊन दुसऱ्या नदीपर्यंत चालत जात. ज्या सालीवर आपल्या पूर्वजांनीं पोथ्या लिहिल्या, त्याच जातीच्या झाडाच्या सालीवर बसून त्या लोकांनीं अरण्यें पालथीं घातलीं, ही गोष्ट मला फार मौजेची वाटते. या होडीस तिकडे कॅनू म्हणतात. पुढें १८६५ सालीं जॉन मॅक्ग्रेगर नांवाच्या स्कॉटिश बॅरिस्टरानें 'रॉब रॉय' नांवाच्या लहानशा होडींतून युरोपांतील नद्या व सरोवरें एकट्यानें पालथीं घातलीं आणि दुसऱ्याच वर्षीं त्यावर पुस्तक लिहिलें. तेव्हांपासून गोऱ्या लोकांत होडींतून रानांत जाऊन तंबू ठोकण्याचा छंद वाढीस लागला. आज तिकडे आईबाप, मुलें आणि मित्रमंडळी सुट्टींत होड्या घेऊन निघतात व आठआठ दिवस घरीं परतत नाहींत.

परंतु होडी हा सर्वांचाच छंद नव्हे, हें आमच्या जिल्ह्यांतील मनुष्यास विसरतां येत नाहीं. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा सुमारें ५४ किलोमीटर महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते. सरदार सरोवर २०१९ सालच्या सप्टेंबरांत प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलें. त्या धरणानें अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. तेथील कित्येक पाड्यांना आज होडी हाच रस्ता आहे. आजारी मनुष्य होडीनें निघतो आणि मतदानाची पेटी होडीनें जाते. २०२० सालीं साथीच्या दिवसांत तेथील एक अंगणवाडी सेविका सुमारें १८ किलोमीटर होडी वल्हवीत बालकांचा आहार घेऊन दूरच्या पाड्यांवर जात असे, हें वर्तमानपत्रांतून आपण वाचलेंच असेल. आम्ही हौसेनें जें तीन दिवस केलें तें त्या बाईनें कर्तव्य म्हणून महिनोगणती केलें. म्हणून आमच्या प्रवासाला मी पराक्रम म्हणणार नाहीं.

२०२४ सालच्या दिवाळींत, भाऊबीज आटोपल्यावर, आम्ही निघालों. मंडळी नऊ होती. मी व आमच्या सौभाग्यवती, मुलगा व सून, अकरा वर्षांची नात व आठ वर्षांचा नातू; त्याखेरीज माझे एक पोस्टमास्तर मित्र व त्यांची पत्नी, आणि रेल्वेंतून निवृत्त झालेले दुसरे एक मित्र. खांडबाऱ्याहून जीपनें तासाभरांत आम्ही पाण्याच्या कांठीं पोंचलों. तेथें दोन होड्या ठरविल्या होत्या. लांबट, अरुंद, आंतून डांबर फांसलेल्या त्या होड्या पाहून पोस्टमास्तरांच्या पत्नीनें हात जोडले. तें होडीला कीं तापीमाईला हें मला कळलें नाहीं. एक होडी पन्नाशीच्या घरांतल्या एका मावची गृहस्थाची होती आणि दुसरी त्याच्या पुतण्याची. प्रत्येक होडींत सहा माणसें, वल्हवणाऱ्यासुद्धां, असें त्यानें बजावून सांगितलें.

सामानाची तपासणी त्यानें कस्टमच्या अधिकाऱ्यास लाजवील अशा कडकपणें केली. सौभाग्यवतींचा पितळी डबा परत जीपमध्यें गेला. माझी घडीची खुर्चीहि गेली. दादरीचें पीठ, तुरीची डाळ, तांदूळ, वांगीं, मिरच्या, दोन पातेलीं, चार सतरंज्या, दोन तंबू, औषधांची पेटी, आणि गोड्या पाण्याचे चार डबे एवढेंच उरलें. जड वस्तू होडीच्या मध्यावर तळाशीं ठेवावयाच्या, हलक्या दोन्ही टोकांना, आणि माणसानें फळीवर बसून राहावयाचें, उभें राहावयाचें नाहीं, हा पहिला पाठ. होडींत साठणारें पाणी उपसण्यासाठीं एक डबा नातवाच्या हातीं दिला, आणि तो तत्काळ स्वतःस जहाजाचा कप्तान समजूं लागला. मुलानें सुरतेहून नऊ जीवरक्षक जाकिटें आणलीं होतीं. तीं अंगावर चढवितांना मला व माझ्या दोन्ही मित्रांना थोडा संकोच वाटला, हेंहि कबूल करतों.

पहिल्या दिवशींचा प्रवास कांठाकांठानें झाला. वल्ह्याचा आवाज किती थोडा असतो! आगगाडींत शेजाऱ्याशीं ओरडून बोलावें लागतें. येथें दुसऱ्या होडींतील कुजबूजहि ऐकूं येत होती, आणि त्यामुळें पोस्टमास्तरांच्या स्वयंपाकघरांतील एकदोन गुपितें सर्वांस कळलीं. पाणकावळे पाण्यांतून डोकावणाऱ्या वाळक्या फांद्यांवर पंख वाळवीत बसले होते. या फांद्या म्हणजे बुडालेल्या झाडांच्या होत. नावाडी त्यांच्यापासून दूर दूर होडी नेई. वर दिसतो त्या खुंटाचें भय नसतें, पाण्याखालीं हातभर असतो त्याचें असतें, असें तो म्हणाला. एके ठिकाणीं त्यानें वल्हें थांबविलें आणि खालीं बोट दाखवून सांगितलें, "इथं आमचं जुनं गांव. माझ्या बापाचं घर इथं होतं." आम्ही सर्वांनीं वांकून पाहिलें. हिरवट पाण्याखेरीज कांहींच दिसलें नाहीं. माझ्या नातीनें विचारलें, "शाळा होती का?" तो हंसून म्हणाला, "शाळा नव्हती, पोरी. शाळा पाण्यानंतर आली."

संध्याकाळीं एका टेकडीवर उतरलों. पाणी भरल्यामुळें ती टेकडी तीन बाजूंनीं बेटासारखी झाली होती. पाण्याच्या अगदीं लगत सपाट हिरवळ पाहून आम्हां शहाण्यांनीं तेथेंच तंबू उघडले. परंतु नावाड्यानें ते उचलवून दोन पुरुष उंचीवर नेले. धरणाचें पाणी रात्रींतूनहि वाढूं शकतें, आणि नाल्याच्या तोंडाशीं कधींहि निजूं नये, हा दुसरा पाठ. वाळकीं लांकडें गोळा करून खड्ड्यांत विस्तव केला, वांगीं भाजलीं, भाकरी थापल्या. सुनेनें प्रथमच चुलीवर भाकरी केली. ती एका बाजूनें कच्ची आणि दुसऱ्या बाजूनें करपलेली होती, आणि तिच्याइतकी गोड भाकरी मीं अलीकडे खाल्लेली नाहीं. अर्धा चंद्र मावळल्यावर पूर्वेस कृत्तिका, रोहिणी आणि त्यांच्या खालीं मृग उगवून आले. चाळीस वर्षें फळ्यावर खडूनें काढलेलीं तीं नक्षत्रें मीं नातवंडांना प्रथमच खऱ्या आकाशांत दाखविलीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्या आपली होडी घेऊन मासे पोंचविण्यास गेला. दुपारपर्यंत परत येतों म्हणाला. पलीकडच्या तीरावर एक डोंगर दिसत होता. रेल्वेवाल्या मित्रांनीं तेथें जाण्याची कल्पना काढली आणि मीं ती उचलून धरली. पाणी आरशासारखें शांत होतें. एक होडी हाताशीं होती. मीं नावाड्यास म्हटलें, "मुलांचें वजन तें कितीसें? सर्वांना एकाच खेपेस ने, म्हणजे चुकामूक व्हावयास नको." त्यानें मान हलविली. दोन खेपा कर म्हटलें तर म्हणाला, जातांना दोन आणि येतांना दोन अशा चार खेपा होतात. चौथी खेप वाऱ्यांत सांपडेल. माझ्यांतील मास्तर जागा झाला. मीं त्याला होडीची लांबीरुंदी, पाण्याचें उत्सारण आणि आर्किमिडीजचा सिद्धांत यांविषयीं चार गोष्टी ऐकविल्या. मी गुरुजी आहें, मला कळतें, असेंहि म्हणालों. त्यावर तो अत्यंत नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, होडीला माणसं मोजतां येतात, मान मोजतां येत नाहीं." आणि मग वल्हें वाळूंत रोंवून त्यानें पुढील हकीकत सांगितली.

त्याचा एक चुलता याच पाण्यावर होडी चालवीत असे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एक मास्तर शाळेचीं मुलें घेऊन वनभोजनाला आला होता. आठ माणसांची होडी. मास्तरानें तेरा जण बसविले. चुलता नको म्हणत होता, पण मास्तरापुढें त्याचें चाललें नाहीं. मधोमध एक मुलगा तरंगतें पान धरण्यास वांकला, होडी कलली, पाणी आंत आलें आणि मुलगा बाहेर गेला. चुलत्यानें उडी टाकली आणि त्याला केसांस धरून वर काढलें. "तेव्हांपासून आमच्या घरांत मोजून माणसं घेतात," असें म्हणून तो गप्प बसला.

श्रोतेहो, तो मास्तर मी होतों.

त्याला हें ठाऊक नव्हतें. माझ्या मित्रांना नव्हतें, मुलाला नव्हतें, आणि इतकीं वर्षें संसार करूनहि सौभाग्यवतींना नव्हतें. मी कांहीं न बोलतां टेकडीवर जाऊन बसलों. अकराच्या सुमारास वायव्येकडून वारा सुटला. प्रथम पाण्यावर नुसती शिरशिरी आली, मग लहान लाटा उठल्या, आणि तासाभरांत ज्या आरशावरून आम्ही नऊ जण एका होडींत जाणार होतों त्यावर पांढरा फेस दिसूं लागला. भाताची पहिली उकळी तेवढ्यांत आली. मंडळी आनंदानें जेवलीं. वाऱ्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. माझें आणि नावाड्याचें मात्र होतें. तो माझ्याकडे पाहून हंसला नाहीं, हा त्याचा मोठेपणा.

१९९१ सालच्या हिवाळ्यांत काय घडलें तें त्या रात्रीं विस्तवाभोंवतीं मीं सर्वांस सांगितलें, आणि आतां आपणांसहि सांगतों. मी तेव्हां तिशीच्या पुढें होतों आणि मुलांचा आवडता शिक्षक म्हणवून घेण्याचा मला मोह होता. दुसरी खेप केली तर उशीर होईल, आणि मागें राहिलेलीं मुलें हिरमुसतील, एवढ्याच कारणासाठीं मीं तीं सर्व एका होडींत भरलीं. जो मुलगा पडला तो पांचवींत होता. त्याला कांठावर आणल्यावर मीं पालथें घातलें, पाणी ओकलें गेलें, थोड्या वेळानें तो रडूं लागला आणि माझ्या जिवांत जीव आला. त्यानंतर मीं जें केलें तें पहिल्या चुकीहून वाईट होतें. मीं त्याचा सदरा खडकावर वाळविला, घडी घालून त्याला घालावयास दिला, आणि म्हटलें, "घरीं सांगूं नको; आई उगाच घाबरेल." इतर मुलांनाहि तेंच सांगितलें. नावाड्याच्या हातावर दहा रुपये ठेवले. दुसऱ्या दिवशीं शाळेच्या नोंदवहींत माझ्या सुवाच्य अक्षरांत लिहिलें: वनभोजन निर्विघ्न पार पडलें.

हें ऐकून मोठीं माणसें गप्प राहिलीं. पोस्टमास्तर म्हणाले कीं, झालें गेलें, मुलगा तर वांचला ना! परंतु माझ्या नातीनें विचारलें, "मग आजोबा, तुम्ही त्याच्या आईला नंतर तरी सांगितलंत का?" मीं नाहीं म्हटलें. "का?" या एका अक्षराचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. नावाडी विस्तवांत काडी सारीत बसला होता. बऱ्याच वेळानें तो इतकेंच म्हणाला, "चुलता गेला तेव्हां त्या दहा रुपयांतली गोष्ट सांगत होता. त्याला वाटायचं, चूक त्याचीच."

तें वाक्य मला रात्रभर झोंप येऊं देईना. आपण आपली चूक झांकली कीं ती नाहींशी होत नाहीं, ती दुसऱ्या कोणाच्या तरी माथीं जाऊन बसते, हें मला त्या अंधारांत समजलें. त्या वर्षाच्या आरंभींच, १८ जानेवारी २०२४ रोजीं, बडोद्यास हरणी तलावांत शाळेच्या सहलीची होडी उलटून बारा मुलें व दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. होडींत क्षमतेहून अधिक माणसें होतीं आणि पुष्कळांच्या अंगावर जाकिटें नव्हतीं. ती बातमी वाचून मी दोन दिवस जेवलों नव्हतों. आमच्याच जिल्ह्यांत १५ जानेवारी २०१९ रोजीं, धडगांव तालुक्यांत, संक्रांतीच्या पर्वणीस निघालेल्या मंडळींची होडी नर्मदेंत उलटली. होडींत पन्नासांहून अधिक माणसें होतीं आणि मेलेल्यांत लहान मुलें होतीं. हें सर्व वाचून, हळहळून, आणि स्वतःच्या अनुभवानें पोळून देखील त्या सकाळीं शांत पाणी पाहतांच मी पुन्हां तेंच करावयास निघालों होतों. तेव्हां ज्ञान असणें आणि तें वेळेवर उपयोगीं पडणें या दोन गोष्टी निराळ्या होत. पहिल्या वेळीं निभावलें म्हणून मनुष्य शहाणा होत नाहीं. निभावल्यामुळेंच तो अधिक धीट होतो.

आपणांपैकीं ज्यांना मुलांबाळांसह असा प्रवास करावासा वाटेल, त्यांनीं तो अवश्य करावा. मी कोणास भिववीत नाहीं. मात्र कांहीं गोष्टी माझ्या अनुभवावरून सांगतों. होडी ठरवितांना प्रथम ती किती माणसांची आहे हें विचारावें आणि मुलांनाहि पूर्ण माणूस धरावें. सर्वजण बसल्यावर होडीचा कांठ पाण्यावर निदान वीतभर राहिला पाहिजे. न राहील तर कोणीतरी उतरावें, आणि पहिल्यानें वडील मनुष्यानें उतरावें. जाकीट अंगावर घालून पुढचे पट्टे आंवळून बांधावे. तें उशाला किंवा बसावयाला घेतलें तर त्याचा उपयोग नाहीं. मोठ्याचें जाकीट मुलाला घालूं नये, तें गळ्यांतून निसटतें. रुंद पाणी ओलांडावयाचें असेल तर सकाळीं लवकर ओलांडावें, दुपारीं कांठ धरून राहावें. होडी उलटलीच तर पोहत तीराकडे जाण्याचा मोह न धरतां होडीलाच धरून राहावें. लांकडी होडी पालथी झाली तरी बहुधा तरंगते. विस्तव विझवून, राख गार झाल्यावरच जागा सोडावी. आपण नेलेला कागद व प्लास्टिक आपणच परत आणावें. तेथील पाणी कोणाच्या तरी घरावरून गेलेलें आहे, तेव्हां तेथें पाहुण्यासारखें वागावें. आणि नावाडी नाहीं म्हणाला तर तें नाहीं शेवटचें मानावें. आपण त्याला पैसे देतों ते वल्हवण्याचे देतों. त्याच्या नकाराची किंमत त्यांत धरलेली नसते, ती त्याहून पुष्कळ मोठी आहे.

तिसऱ्या दिवशीं आम्ही सुखरूप परतलों. परततांना जुन्या गांवावरून होडी गेली तेव्हां नावाड्यानें पुन्हां वल्हें थांबविलें. मीं त्याला सर्वांदेखत म्हटलें कीं, तुझ्या चुलत्याची चूक नव्हती, माझी होती. त्याच्या मुलांनाहि हें सांग. तो म्हणाला, "सांगतों, गुरुजी." दुसरें कांहीं बोलला नाहीं.

घरीं आल्यावर चार दिवसांनीं मी त्या मुलाच्या घरीं गेलों. मुलगा आतां चाळिशीच्या पुढें गेलेला, सुरतेस नोकरींत आहे. म्हातारी आई ओट्यावर तूर निवडीत बसली होती. मीं तिला सगळें सांगितलें. कांहीं वगळलें नाहीं. ती सूप खालीं न ठेवतां ऐकत होती. माझें बोलणें संपल्यावर ती आपल्या बोलींत म्हणाली, त्याचा अर्थ असा: "मला त्याच दिवशीं कळलं होतं, मास्तर. सदरा तुम्ही वाळवून धाडलात, पण खिशांत नदीचा गाळ होता. पोरगं बोललं नाहीं, तुम्ही नको म्हणालां होतां म्हणून. मीहि कोणाला बोललें नाहीं. तुम्ही याल असं वाटलं होतं."

मी तेहेतीस वर्षें गेलों नव्हतों. त्यावर उत्तर देण्यासारखें माझ्याजवळ कांहीं नव्हतें, आणि तिनेंहि तें मागितलें नाहीं. ती चहा ठेवण्यास आंत गेली, आणि मी सूप मांडीवर घेऊन राहिलेली तूर निवडीत बसलों.

असो. पुढच्या दिवाळींत पुन्हां त्याच पाण्यावर जाण्याचा आमचा बेत ठरला आहे. मुलांची संख्या वाढली आहे, कारण पोस्टमास्तरांचीं नातवंडेंहि येणार म्हणतात. म्हणून या खेपेस तीन होड्या सांगितल्या आहेत. माणसें मोजण्याचें काम माझ्या नातीनें आपणहून मागून घेतलें आहे, आणि नावाड्यानें तिला तें दिलें आहे.